दीडकी

उदगीरच्या मोंढ्यात, तुरीच्या चाळिसाव्या कट्ट्यापाशी
अप्पा म्हणाले, "काटे दोन दिसलालेत."
हमाल हसले.
महबूबनं कट्टा खाली उतरवला,
अप्पा त्याच कट्ट्यावर बसले
आणि घामानं बंडी भिजली तरी
हातातली वजनाची चिठ्ठी सोडेनात.
तिच्यावर एकोणसाठ आहे की एकोणसत्तर,
अजून कुणाला लागलं नाही.

लातूरला नेताना नळेगावच्या पुढं एकदा ओकले.
जीपमध्ये आई त्यांच्या डाव्या अंगाला,
सारखी म्हणत होती, "हिकडं बघा की हो,"
ते बघेनात.
तिला वाटलं, रागावलेत.

डॉक्टर पोरगेलेसे, हातात पेन.
पेन डावीकडं नेलं: दोन्ही डोळे जागेवर.
उजवीकडं नेलं: डावा तसाच,
उजवा एकटा निघाला,
कडेला जाऊन थरथरायला लागला.
वर, खाली मात्र दोन्ही नीट गेले.
"मेंदूच्या देठात रक्त आलंय," म्हणाले,
"थोडंसंच. बीपीमुळं."
"थोडं म्हंजे किती?"
जीभ जड, पण प्रश्न मापाड्याचा.
डॉक्टरांनी मिलीत सांगितलं.
"वजनात सांगा."
पेन खिशाला लावत त्यांनी जरा विचार केला.
"दोन हरभरे. भिजवलेले."
अप्पांनी मान हलवली. हे त्यांना पटलं.

आजाराच्या नावातच दीड आहे.
एक बाजू पूर्ण गेली, दुसरीची निम्मी.
दोनातून दीड वजा.
तिसरीत असताना दीडकी मला त्यांनीच शिकवली,
थप्पीवर बसवून, पाय हलवत,
दीड एके दीड, दीड दुणे तीन, दीड त्रिक साडेचार.
गुरुजी म्हणाले होते, आता हे कोण शिकतं?
अप्पा म्हणाले, मोंढ्यात लागतंय.

आईनं स्टूल उचलून उजवीकडं आणलं.
लग्नापासून ती डावीकडं:
जेवताना, फोटोत, कपिलधारच्या जत्रेत.
नव्या जागी हात कुठं ठेवावेत तिला कळेना.
"दोन-दोन दिसलालीस."
"त्यातली खरी कोणती?"
"रागावलेली."
जरा वेळानं म्हणाले, "दोघीबी रागावल्यात."

चौथ्या रात्री, एका डोळ्यावर पट्टी,
मला उजवीकडं बोलावून घेतलं.
"दर कट्ट्यामागं दीड किलो," म्हणाले,
"कडता. अडत्यानं सांगायचा, मी कापायचा.
ज्याचा माल तो माणूस डावीकडं उभा असायचा.
काटा बघताना तिकडं बघायचं न्हाई,
एवढीच युक्ती.
आता बघतो म्हटलं तरी येईना, बग."
मी म्हणाले, अप्पा, गोळी बंद केली होती तुम्ही.
दिवाळीपासून. चार रुपयांची गोळी.
"हं," म्हणाले.
दोन्ही हिशेब ऐकून घेतले
आणि कुठलाच खोडला नाही.

आता चष्म्याच्या एका काचेवर चिकटपट्टी.
दर दोन तासांनी मी ती दुसऱ्या काचेवर लावते.
डावीकडून कुणी आलं की अप्पा अख्खे वळतात,
मान, खांदे, मग कंबर,
भरलेलं पोतं जागच्या जागी फिरवावं तसे.
परवा महबूब आला, बोरं घेऊन.
त्याच्यापर्यंत पोचायला अर्धं मिनिट लागलं.
तो सरकला नाही. हातात पिशवी धरून
उभा राहिला, जिथं होता तिथंच.

संध्याकाळी चष्मा काढून ठेवतो,
पेन मी धरते.
उजवीकडं नेते. उजवा डोळा निघतो,
कडेला पोचतो, थरथरतो.
डावा किंचित हलला की मला भास झाला?
आई चुलीपासून विचारते, "किती?"
काटा ठरल्याबिगर आकडा बोलायचा न्हाई,
हेही थप्पीवरच शिकलेलं.
पेन तसंच धरून बसते मी.